विद्यार्थ्यांचा अंक आणि रविवार कारंज्याजवळचा छापखाना

दोन वर्षे आम्ही महाविद्यालयात भित्तिपत्रक चालवले. फलकाच्या काचेला कुलूप आणि किल्ली कार्यालयात, त्यामुळे काय लागणार हे लिहिणाऱ्यापेक्षा किल्लीवालाच ठरवी. म्हणून यंदा वर्गणी काढून चार पानी अंक छापायचे ठरवले आणि नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळच्या एका लहान ऑफसेट छापखान्यात काम दिले.

ए-थ्री कागद, दोन्ही बाजूंनी एकरंगी छपाई, मधोमध घडी आणि ३०० प्रती, एवढेच काम होते. शाई सर्वत्र सारखी बसली असून मागचा मजकूर पुढे उमटत नाही. प्लेटचा, म्हणजे ज्यावरून छपाई होते त्या पत्र्याचा, खर्च ठरलेला असल्याने शंभर प्रती छापा वा तीनशे, रकमेत फारसा फरक पडत नाही, हे मालकांनी आगाऊ पैसे घेण्याआधीच सांगितले. अक्षरजुळणीने मात्र छळले. आमचा युनिकोडमधील मजकूर त्यांच्या जुन्या फाँटमध्ये नेताना ‘ऱ्य’ मोडला आणि पहिल्या प्रुफात, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या प्रतीत, ‘अधिकाऱ्यांनी’ हा शब्द तीन ठिकाणी ‘अधिकायांनी’ असा आला.

पहिल्या पानावर वसतिगृहाच्या मेसविषयीची बातमी होती. मालकांनी ती वाचून ‘भ्रष्ट कारभार’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात ‘पुरावा?’ एवढेच लिहिले. आमच्याकडे तीन महिन्यांच्या पावत्या होत्या, भ्रष्टाचाराचा पुरावा नव्हता. आम्ही विशेषण काढून आकडे घातले. प्राचार्यांची सही नसल्याचे कळल्यावर मालकांनी संपादकाने जबाबदारी घेतल्याचे पत्र मागितले. मला ते गैर वाटले नाही. छापील कागदावर मुद्रकाचे नाव हवे, हा दंडक १८६७ च्या कायद्याने घातला, आणि याच नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा छापणाऱ्याची धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यासोबत बदनामीबाबतच्या वाजवी निर्बंधांचीही तरतूद आहे. पेन्सिलीचा तो गोल नेमका तिथेच बोट ठेवत होता.

गैर घडले ते नंतर. छापून आलेल्या अंकात ‘वसतिगृहात निकृष्ट जेवण’ या मथळ्याचे ‘जेवणाबाबत नाराजी’ झाले होते, आणि हा बदल कोणी केला हे सांगायला कोणीही तयार नव्हते. छापखान्याने काम नाकारावे, शंका विचारावी, पत्र मागावे. पण सही झालेल्या प्रुफातील शब्द परस्पर बदलू नये. डाळीतल्या अळ्यांचे छायाचित्र आमच्याकडे होते. ‘नाराजी’ म्हटले की दोष जेवणाचा न राहता जेवणाऱ्याचा होतो.

मालकांनी, हे नमूद केलेच पाहिजे, वाद घातला नाही. पहिले आणि चौथे पान एकाच प्लेटवर असल्याने नवी प्लेट काढून सगळे कागद नव्याने छापावे लागले, आणि तो खर्च त्यांनी सोसला. ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र १८३२ मध्ये ज्या दिवशी निघाले, त्या ६ जानेवारीला अंक वाटण्याचा आमचा बेत मात्र दोन दिवसांनी हुकला.

पुढचा अंकही इथेच देणार आहोत. फक्त मजकूर पीडीएफ करून नेऊ आणि सही केलेल्या शेवटच्या प्रुफाची एक प्रत स्वतःजवळ ठेवू. ‘नाराजी’वाले कागद आठवण म्हणून मागितले होते, पण ते तोवर रद्दीत गेले होते.