बाळंतविड्यासाठी लोकर: कोणती घ्यावी, कोणती दुकानातच ठेवावी

बाळंतविड्यात हातानं विणलेलं काही द्यायचं ठरलं की बहुतेक जणी आधी रंग बघतात. मी आधी गुंड्यावरचं वेष्टन फिरवून धागा कशाचा आहे ते वाचते. नवजात बाळांच्या विभागात परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली आणि विणकामाची आवड तर शाळेपासूनची, त्यामुळे बाळाच्या अंगाला लागणाऱ्या धाग्याबद्दल माझी मतं ठाम आहेत. पुण्यात तुळशीबागेत आणि रविवार पेठेत जे धागे सहज मिळतात त्यांच्याबद्दलच लिहिते. हे सगळे मी विणले आहेत आणि धुतल्यावर त्यांचं काय होतं तेही पाहिलं आहे.

'बेबी वूल' म्हणून समोर येतं ते बहुतेक वेळा 100 टक्के ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असतं, आणि त्यातलं पुष्कळसं लुधियानाहून येतं. त्याचे गुण मोठे आहेत. स्वस्त, हलकं, रंग भरपूर, कसर लागत नाही आणि पावसाळ्यातही पंख्याखाली लवकर वाळतं. ज्या घरात बाळंतीण एकटी आहे आणि कपडे मशीनमध्येच पडणार आहेत, तिथे ही सोय फार मोलाची. चांगल्या प्रतीचं असेल तर हाताला मऊही लागतं. हलक्या प्रतीचं मात्र दोन-चार धुण्यांत बोंडं धरतं. दुकानातच धागा बोटांत धरून जोरात चोळा, लगेच पिंजला तर तो घेऊ नका.

पण ॲक्रिलिकबद्दल दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक म्हणजे ते घाम शोषून घेत नाही. मुंबई, ठाणे, कोकण इथल्या बाळाला ॲक्रिलिकचा बंद गळ्याचा स्वेटर घातला की मानेच्या वळीत घामोळं आलंच. दुसरी गोष्ट आगीची. ॲक्रिलिक पेटलं की वितळतं, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. आपल्याकडे बारशाला बाळाला औक्षण करतात, निरांजन तोंडाजवळ येतं. अजूनही कितीतरी घरांत आंघोळीनंतर शेगडीवर ओवा-शेपा टाकून धुरी देतात. अशा वेळी बाळाच्या अंगावर ॲक्रिलिकची कुंची नको, हे मी भेट देतानाच त्या घरच्या आजींना सांगते. सुती कापडही झटकन पेटतं, म्हणून निरांजन लांबूनच ओवाळावं हे कुठल्याही कपड्याला लागू आहे. खरी लोकर मात्र सहजी पेट घेत नाही, आणि ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझते.

माझी पहिली पसंती सुती धाग्याला. अँकरचं निटिंग कॉटन किंवा त्याच जातीचा कुठलाही मर्सराइज केलेला धागा घ्या. मर्सराइज म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला. त्यानं धाग्याला चकाकी आणि मजबुती येते, वरचं कुसळ कमी होतं. बाळ मूठ तोंडात घालून तासन् तास चोखतं, तेव्हा तोंडात तंतू जात नाही हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा. गरम पाण्यात धुता येतं, उन्हात टाकता येतं, इस्त्री चालते. दूध ओकल्याचे डाग सुती कपड्यावरून निघतात, तेवढे दुसऱ्या कशावरून निघत नाहीत.

सुती धाग्याला लवचिकपणा नसतो, हे विणताना लक्षात ठेवावं लागतं. लोकरीची दोन सुलट दोन उलट पट्टी ओढली की परत जागेवर येते, सुती पट्टी सैलच राहते. म्हणून सुती पायमोज्याला घोट्याशी पट्टी विणून भागत नाही, आडवा पट्टा आणि टिचबटण लावावं लागतं. हात घट्ट ठेवा, लोकरीला 10 नंबरच्या सुया वापरत असाल तर इथे त्याहून बारीक, 11 किंवा 12 घ्या. मोठं दुपटं मात्र सुतीत विणू नये. ते जड होतं, ओलं झालं की आणखी ताणतं आणि दोन दिवस वाळत नाही. झबलं, टोपडं, लाळेरं यांना सुतीसारखं काही नाही.

'मिल्क कॉटन' सध्या सगळीकडे दिसतं आणि त्याचे फिकट रंग खरोखर सुंदर असतात. ते बहुधा सुती आणि ॲक्रिलिकचं मिश्रण असतं, पण प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं. वेष्टनावर टक्केवारी छापलेली असेल तर खुशाल घ्या. निम्म्याहून जास्त सुती असेल तर पुण्याच्या हवेला हा मधला मार्ग छानच आहे. नुसतं नाव छापलंय, टक्केवारी नाही, असा गुंडा मी परत ठेवते. मिल्क कॉटनचा पीळ सैल असतो, सुईचं टोक पदरांच्या मधून जातं, त्यामुळे नवशिक्या हातांनी बोथट टोकाची सुई घ्यावी.

मेरिनो महाग आहे, आणि पुण्यात मिळेलच असं नाही, बहुतेक ऑनलाइन मागवावी लागते. तरी दिल्लीतल्या किंवा परदेशातल्या भाचीच्या बाळासाठी विणायचं असेल तर मी पैसे मोजते. लोकर टोचते ती तंतूच्या जाडीमुळे. साधारण 30 मायक्रॉनच्या वर गेलेले तंतू कातडीला बोचतात. मेरिनो 18 ते 22 च्या आसपास असते, आपल्या दख्खनी मेंढीची लोकर त्याहून पुष्कळ जाड, म्हणून तिची घोंगडी टिकाऊ होते पण बाळाच्या गालाला ती चालत नाही. मेरिनो घेताना वेष्टनावर 'सुपरवॉश' लिहिलेलं बघा. तसं नसेल तर गरम पाण्यात एकदा घुसळली की स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो, आणि ओल्या बाळंतिणीकडून गार पाण्यात अलगद हातानं धुण्याची अपेक्षा करणं मला पटत नाही.

आता ज्याबद्दल मला मनापासून बजावायचंय ते. मखमली, फुगीर धागा, ज्याच्या हल्ली बाहुल्या आणि ससे विणतात, तो बाळासाठी घेऊ नका. हाताला इतका मऊ लागतो की मोह होतोच. पण त्याच्या मधल्या दोऱ्यातून लव सुटते, चिमटीत धरून ओढली तर हातात येते. बाळाच्या चिमटीतही येईल आणि तिथून तोंडात जाईल. मोहेर आणि अंगोरा या केसाळ लोकरींचंही तेच, नाकातोंडात केस जातात. जरीची तार घातलेला धागा कितीही सणासुदीचा वाटला तरी तो बोचतो.

धागा चांगला निवडला तरी आतली बाजू नीट करणं राहतंच. हातमोज्याच्या किंवा पायमोज्याच्या आत सुटलेला दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो, तो आवळला की बोट सुजतं आणि रक्तपुरवठा थांबतो. बाळ उगाच रडतंय असं वाटतं आणि मोजा काढल्याशिवाय कळत नाही. नोकरीत मी प्रत्येक आईला हे सांगायची. म्हणून मोजे जाळीच्या नक्षीचे नको, आत लांब आडवे धागे राहतील अशी दोन रंगांची नक्षी नको, आणि शेवटची टोकं दोन्ही दिशांना शिवून पक्की करा. गळ्याशी बांधायच्या दोऱ्या आणि गोंडे मी लावत नाही. कुंचीला बंद हवाच असेल तर हनुवटीखाली छोटा पट्टा आणि चपटं टिचबटण. सुटं बटण तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नकोच. आणि दुपटं कितीही सुंदर झालं तरी ते मांडीवर घेताना, बाहेर नेताना वापरायचं. पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाच्या आसपास सैल पांघरूण नसावं, हे मी भेटीसोबतच्या चिठ्ठीत लिहिते.

रंगाबद्दल एकच. लाल, मरून, गडद निळा घेतला तर थोडा धागा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा. रुमाल रंगला तर बाळाची लाळही रंगणार. वेष्टनावर 'ओको-टेक्स स्टँडर्ड 100' (धाग्यात घातक रसायनं नाहीत हे तपासल्याची खूण) असेल तर त्याखालचा वर्गही वाचा, तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी पहिला वर्ग असतो आणि त्याच्या कसोट्या सगळ्यात कडक असतात. तुळशीबागेतल्या गर्दीत हे सगळं वाचायला उसंत मिळत नाही, म्हणून मी सकाळी दुकान उघडताना जाते. तेव्हा गुंडे दारात उजेडात नेऊन बघू देतात आणि एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, शोधूनही देतात. टोपडं आणि पायमोजे 50 ग्रॅममध्ये होतात. त्यापुढे एक गुंडा जास्त घ्यावा, कारण पुढच्या खेपेला तोच लॉट मिळत नाही.

सध्या चिपळूणला द्यायचा बाळंतविडा सुयांवर आहे. फिकट पिवळं सुती झबलं आणि टोपडं. टोपड्याचं माप सहा महिन्यांच्या बाळाचं धरलंय, कारण जन्माच्या वेळी 35 सेंटिमीटरच्या आसपास असलेलं डोकं तोवर 43 च्या घरात जातं. गुंड्याचं वेष्टन आणि उरलेला धागा झबल्याच्या घडीत ठेवून देणार आहे, म्हणजे धुवायचं कसं ते बाळाच्या आईला वाचता येईल आणि टाका उसवला तर सांधताही येईल.