लाळेवरून मुलाची भाषा कळते का? घरपोच जनुक-चाचणी किटचा आढावा

मुलाला भाषेत जन्मजात गती किती, हे लाळेवरून सांगू म्हणणारं किट कोल्हापुरात ऑनलाइन मागवलं की घरपोच येतं. नमुना घेण्याची सोय चांगली आहे. अहवालातलं भाषेचं पान मात्र पैसे मोजण्याच्या लायकीचं नाही.

आधी नमुन्याचं बघू. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. नळीवरच्या रेघेपर्यंत, साधारण 2 मिली लाळ हवी. फेस धरायचा नाही. नमुना कमी भरतो तो याच चुकीमुळं. मग बूच घट्ट आवळायचं आणि झाकणातलं द्रव लाळेत मिसळेपर्यंत नळी हलवायची. त्या द्रवामुळं डीएनए टिकतो, कुरिअरला दोन दिवस उशीर झाला तरी बिघडत नाही. थुंकता न येणाऱ्या बाळाच्या गालाच्या आतून काडी फिरवावी लागते. अंगावर पिऊन झाल्या झाल्या फिरवली तर दुधातल्या आईच्या पेशी मिसळतात, म्हणून तासभर थांबा.

आता अहवाल. त्यात फॉक्सपी2 या जनुकाचा मोठा बोलबाला असतो. लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांतल्या जवळपास निम्म्या माणसांना ओठ-जिभेच्या हालचाली जुळवून बोलणं जड जायचं. 2001 साली त्याचं मूळ या जनुकातल्या एका अक्षराच्या, म्हणजे डीएनएच्या एका रासायनिक घटकाच्या, बदलात सापडलं. असा बदल फार दुर्मीळ. शिवाय आपल्या जनुकसंचात सुमारे 3 अब्ज अक्षरं, आणि ही किटं सहसा त्यातल्या काही लाख ठरावीक जागाच वाचतात. म्हणजे जो बदल खरोखर बोलणं अडवतो तोच निसटण्याची शक्यता जास्त. जे सर्रास आढळणारे फरक वाचले जातात, त्यांवरून एखादं मूल पुढं कसं बोलेल हे सांगता येत नाही.

तोतरेपणा, उशिरा बोलणं घराण्यात चालतं हे खरं. पण त्यात अनेक जनुकांचा कणाकणानं वाटा असतो. कुठली भाषा आणि कशी बोलायची, हे घर आणि गल्लीच शिकवते. कोल्हापुरातली पोरगी ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणते. तीच पुण्यात वाढली तर ‘आले, जेवले’ म्हणेल. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या 6 ते 8 महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ वेगळे ऐकू येत होते. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचा तो फरक गेला, कारण घरात तो कुणी करतच नव्हतं.

किटऐवजी कानाच्या ओएई तपासणीला पैसे घाला; तीत कानात बारीक आवाज सोडून आतला कान प्रतिसाद देतो का ते बघतात. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते. पहिली तपासणी 1 महिन्याच्या आत, शंका आली तर बेरा (आवाजाला मेंदूकडं जाणारी नस कसा प्रतिसाद देते याची तपासणी) करून निदान 3 महिन्यांपर्यंत आणि उपचार 6 महिन्यांपर्यंत सुरू व्हायला हवेत. बहिरेपण निघालं, तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानं जीजेबी2 या जन्मजात बहिरेपणाशी जोडलेल्या जनुकाची तपासणी जरूर करा; तिथं कारण कळू शकतं आणि पुढच्या बाळाचा अंदाजही येऊ शकतो. दोन वर्षांचं मूल ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नसेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा. आणि निपाणीकडची आजी कानडीत बोलत असेल तर तिला थांबवू नका, दोन भाषांमुळं बोलणं लांबत नाही.