पहिलीच्या वर्गाचं लाकडी सामान, लकडगंजातून : वर्षभराच्या वापरानंतर

नागपुरात लहान मुलांच्या वर्गासाठी सामान घ्यायचं असेल, तर कॅटलॉग उघडण्याआधी एकदा लकडगंजात, म्हणजे इथल्या लाकूडबाजारात, चक्कर मारा. आमच्या पहिलीच्या वर्गाचं सगळं सामान गेल्या उन्हाळ्यात तिथल्या एका मिस्त्रींनी आणि त्यांच्या मुलाने करून दिलं. शैक्षणिक वर्षभर तीस मुलांनी ते रोज वापरलं, ओढलं, त्यावर पाणी सांडलं. आता त्याबद्दल खात्रीने लिहिता येईल.

आरा मशीनच्या मागच्या बोळात त्यांची पत्र्याची शेड आहे. दुकानाला पाटी नाही. हाताशी काम भरपूर आहे म्हणून नाव छापू नका, असं त्यांनीच सांगितलं. पण त्या भागात अशी कामं करणारे अनेक कारागीर आहेत, आणि मी जे विचारून-पाहून घेतलं ते कुणाकडूनही करवून घेता येईल.

आमची शाळा पूर्व नागपुरातली, अनुदानित, इमारत जुनी. पहिलीच्या खोलीत वरच्या वर्गांतून उतरलेले लांब बेंच होते. सहा वर्षांचं मूल साधारण ११५ सेंटिमीटर उंच असतं. त्याला मोठ्यांच्या बेंचवर बसवलं की पाय अधांतरी राहतात, मांड्या काचतात, आणि पाच मिनिटांत ते चुळबुळ करायला लागतं. मग आपण त्याला "नीट बस" म्हणतो. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं तेव्हा मुलांच्या मापाच्या खुर्च्या-टेबलांचा आग्रह धरला होता. त्याला शंभरावर वर्षं झाली, तरी आपल्याकडे पहिलीच्या मुलाला अजून सातवीचा बेंच मिळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी पैसे जमवले तेव्हा मुख्याध्यापकांना मी एवढंच म्हटलं, की सर, रंगरंगोटी नंतर, आधी सामान.

मी वहीत मापं लिहून नेली होती. मिस्त्रींनी ती बाजूला ठेवली. "आधी पोट्टे दाखवा जी, मंग माप घेतो." परीक्षा संपत आल्या होत्या. ते सकाळच्या शाळेत आले आणि तीन मुलांना भिंतीला टेकवून उभं केलं. वर्गातलं सगळ्यात ठेंगणं, सगळ्यात उंच आणि एक मधलं. हात वर करायला लावले, मग मांडी घालून बसायला लावलं, आणि प्रत्येक वेळी भिंतीवर खडूने खूण केली. "हात जेथवर जाते तेथवरच आलमारी. त्याच्या वरती ठेवलेलं सामान पोट्ट्याचं नाही, मॅडमचं." शिक्षणाच्या प्रशिक्षणांत बरंच ऐकलं आहे, पण इतकी नेमकी गोष्ट कुणी एका वाक्यात सांगितलेली आठवत नाही.

त्या खुणांवरून ३२ इंच उंचीच्या, चार फूट लांबीच्या उघड्या आलमाऱ्या झाल्या. दारं नाहीत, कुलपं नाहीत. खाली ब्रेकची चाकं आहेत. मागच्या फळीला काळा रंग दिला आहे, म्हणजे आलमारी उलटी फिरवली की मुलांच्या उंचीवर खडूचा फळा मिळतो. मी उभी असले तर आलमारीवरून सगळा वर्ग दिसतो. मूल खाली बसलं की त्याला मात्र आडोसा मिळतो. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, ती गोंधळात बोलतच नाही. तिने आलमारीमागचा कोपरा पहिल्याच आठवड्यात आपला करून टाकला. तिथे बसून ती मोठ्याने वाचते.

सामानावर जे पैसे गेले त्यातले सगळ्यात सार्थकी या आलमाऱ्यांवरचे लागले. आधी दर दोन मिनिटांनी कुणीतरी टेबलापाशी यायचं. मॅडम कागद द्या, मॅडम खडू संपला, मॅडम टोक करायचं आहे. तीस मुलं आणि मी एकटी. तासातला मोठा भाग वाटपातच जायचा, आणि माझ्याकडे यायला बिचकणारी मुलं न मागताच बसून राहायची. आता कप्प्यांवर चित्र आणि शब्द दोन्ही आहेत : कागद, खडू, कात्री, डिंक, मणी. मूल स्वतः जातं, घेतं, परत ठेवतं. दिवाळीपर्यंत बहुतेक मुलं ते शब्द चित्र न पाहता वाचायला लागली, कारण त्या शब्दांशी त्यांचं रोजचं काम पडत होतं. वर्ग मुलांना बोलावतो असं आपण म्हणतो ते मला इथे दिसलं. मुलाला वस्तूपर्यंत पोचायला कुणाची परवानगी लागत नाही, तेव्हा ते त्या खोलीत मोकळं होतं.

पुस्तकांच्या मांडणीबद्दल स्वतंत्र सांगते, कारण इथे बहुतेक शाळांचा खर्च वाया जातो. लहान मुलांची पुस्तकं पातळ असतात. प्रथम बुक्स, एकलव्य, नॅशनल बुक ट्रस्ट, कुणाचीही घ्या, मधोमध पिना मारलेली सोळा-चोवीस पानं. ती उभी रचली तर दिसतं काय, नुसती कागदाची कड. मुलाला कळतच नाही त्यात हत्ती आहे की रेल्वे. म्हणून आम्ही तिरप्या फळ्यांची मांडणी करून घेतली. तीन इंचांची पुढची पट्टी, आणि पुस्तक मुखपृष्ठ समोर करून टेकवलेलं. एका वेळी वीसच पुस्तकं मावतात. ती मी दर सोमवारी बदलते. मुलं सोमवारी दप्तर ठेवायच्या आधी तिकडे पळतात.

टेबलांचा आकार समलंब चौकोनाचा आहे. लांब बाजू चार फूट, बाकीच्या तीन बाजू दोन-दोन फुटांच्या. दोन टेबलं लांब बाजूने जोडली की षटकोन होतो, सहा मुलं एकमेकांकडे तोंड करून बसतात. सुटं टेबल भिंतीला लावलं तर तिघं आपापलं लिहितात. मिस्त्रींच्या मुलाने ८ बाय ४ च्या एका प्लायच्या शीटवर खडूने आखून दाखवलं, की एकाआड एक उलटं मांडलं तर एका शीटमधून चार टेबलांचे माथे निघतात. उंची ११ इंच, म्हणजे मुलं सतरंजीवर मांडी घालून बसतात. खुर्च्यांचा खर्च वाचला, आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरची फरशी किती गार पडते ते माहीत असल्याने सतरंज्या जाड घेतल्या. दोन मुलं मिळून टेबल उचलतात. आता "गोलात या" म्हटलं की खोली बदलायला एक गाणं पुरतं.

कोपऱ्यांवर मिस्त्रींचा भारी कटाक्ष होता. प्रत्येक कोपरा कानस मारून, पॉलिश पेपरने घासून गोल केलेला. "पावसाळ्यात पोट्टे घसरतीन, कपाळ फुटीन." कडांना सागाची पट्टी आहे. साग आपल्याकडचाच, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला. वर मॅट सनमायका घेतला. चकचकीत घेऊ नका, खिडकीचा उजेड त्यावरून थेट मुलांच्या डोळ्यांत जातो.

रंगाच्या डब्यावरचं लिखाण मी स्वतः वाचलं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पहिलीची मुलं टेबलाची कड चावतात. त्यामुळे सुटा, बिनलेबलचा रंग स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मिस्त्रींनी यावर वाद घातला नाही, डबा माझ्यासमोर उघडला.

निघताना त्यांनी उरलेल्या लाकडाचे गुटके गोणीभर दिले, तेही घासून. मोजायला, रचायला, वजन करायला वर्षभर तेच वापरले. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केलं तेव्हा आसपास मिळणाऱ्या शंख-शिंपल्या, बिया, पानं यांतूनच बालवाडीची साधनं उभी केली होती. गुटक्यांच्या गोणीकडे बघून मला तेच आठवत होतं.

भिंतींवरून शाळेत थोडी चर्चा झाली. फ्लेक्सवाले चारी भिंती भरून द्यायला तयार होते : बाराखडी, फळं, प्राणी, वाहतुकीचे नियम. मी समोरची भिंत मोकळी ठेवली. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवर्गातल्या मुलांना भरगच्च सजवलेल्या आणि साध्या खोलीत धडे शिकवून पाहिले. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि शिकणंही कमी झालं. मी मिस्त्रींकडून बाजूच्या भिंतीला तीन फूट उंचीवर एक लाकडी पट्टी ठोकून घेतली, तिच्यावर सुतळी ताणली आणि कपड्यांचे चिमटे लावले. मुलं आपलं चित्र आपणच टांगतात, नको झालं की काढून नेतात. टाचण्या लागत नाहीत, त्यामुळे बोटं सुरक्षित.

उन्हाबद्दल मात्र लाकूडकाम फारसं काही करू शकत नाही. इथे २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली होती. मे महिन्यात शाळा बंद असते आणि विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिराने उघडतात हे खरं, पण मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीजवळ बसवत नाही. आम्ही बुरडांकडून बांबूच्या काड्यांचा पडदा, म्हणजे चीक, करून खिडकीच्या बाहेरून लावली, म्हणजे ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. कूलर फळ्यापासून लांबच्या खिडकीत हलवला, कारण त्याच्या घरघरीत मागच्या मुलांना माझा आवाज येत नव्हता. बुटक्या आलमाऱ्यांवरून वारा अडत नाही, हा फायदा आपसूक मिळाला. ज्यांना हे सगळं शाळा समितीला पटवून द्यायचं आहे त्यांनी इंग्लंडच्या सॅल्फर्ड विद्यापीठाचा २०१५ चा अभ्यास पुढे ठेवावा. २७ शाळांतल्या १५३ वर्गखोल्या पाहून त्यांनी दाखवलं, की मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक पडतो त्यातला सुमारे १६ टक्के खोलीच्या रचनेशी जोडलेला आहे, आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा उजेड, तापमान आणि हवा यांचा.

आता तक्रारी. सामान ठरल्या तारखेला आलं नाही. लग्नसराईत पलंग-आलमाऱ्यांची कामं आधी धरली गेली, आणि मला फोनवर फोन करावे लागले. दोन खणांच्या (ड्रॉवरच्या) खोक्यांना पावसाळ्यात फुगवटा आला, ते ऑगस्टभर ओढून निघत नव्हते. मिस्त्रींच्या मुलाने येऊन रंधा मारून दिला, पैसे घेतले नाहीत, पण खण करूच नका, उघडे कप्पे पुरतात. पॉलिशचा वास बरेच दिवस राहतो, म्हणून काम मेच्या मध्यापर्यंत संपेल असंच सांगा आणि खोली उघडी ठेवा. खर्च रेडीमेड प्लास्टिकच्या सेटपेक्षा दीडपटीच्या आसपास गेला. ज्या शाळेला तीन कोटेशनं आणि जीएसटीचं बिल लागतं, तिने ते काम देण्याआधीच ठरवून घ्यावं, कारण शेडमध्ये बिलबुक शोधण्यात एक सकाळ जाते.

प्लाय बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्रतीचाच मागा, पाणी सांडणारच आहे. शीटवर आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का कापायच्या आधी पाहून घ्या. जुनी इमारत असेल तर आलमारी भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, वाळवी चढली तर लगेच दिसते. टेबलांच्या पायांना रबरी बूट लावायला सांगा, नाहीतर सरकवताना शेजारच्या वर्गापर्यंत आवाज जातो. आमचे काही बूट झिजले आहेत, ते या सुट्टीत बदलायचे आहेत. दुसरीच्या वर्गासाठीही त्याच मिस्त्रींना सांगितलं आहे, मापं घ्यायला ते पुढच्या आठवड्यात येतील.