मुलाची शाळा आणि आईचा कोर्स: इंदूरमध्ये ठरवण्याआधी

नंदानगर, परदेशीपुरा, मालवा मिल या भागातल्या आपल्या मराठी घरांत उन्हाळ्यात दोन प्रश्न एकदमच येतात. तीन-साडेतीन वर्षांच्या पोराला कुठे घालायचं, आणि त्याच्या आईने काही शिकून कामाला लागायचं तर काय शिकायचं? पण ठरतात दोन्ही वेगवेगळे. शाळा शेजारच्या वहिनींना विचारून, कोर्स भावाला विचारून. मग पावसाळ्यात कळतं की आईचा वर्ग दिवसभर आहे आणि नर्सरी दुपार व्हायच्या आत सुटते. म्हणून इथे प्रत्येक पर्यायाचं मी आधी घड्याळ बघितलंय, प्रमाणपत्र नंतर.

आधी मुलाचं. अंगणवाडी फुकट आहे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि साधारण चार तास चालते. मुलाला रोज किती कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत याचा आहाराचा नियम आहे. शिवाय वजन बघणं, लसीची आठवण देणं हेही तिथेच होतं. ‘तिथे काय, नुसती खिचडी मिळते’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. काही केंद्रांबाबत ते खरंही आहे. पण 2024 मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ नावाचा अभ्यासक्रम आला. त्यात गोष्टी, गाणी, ठोकळे, मातीकाम यांतूनच शिकवायचं आहे, आणि या वयाला तेच हवं. तुमच्या वॉर्डातली ताई ते करते का, हे एक सकाळ तिथे बसून बघा. फक्त मंगळवारी जाऊ नका. त्या दिवशी ‘मंगल दिवस’ असतो, गोदभराई (डोहाळजेवण) नाहीतर अन्नप्राशन चाललेलं असतं. एरवीचा वर्ग कसा भरतो ते कळणार नाही.

दुसरा पर्याय आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा. खासगी शाळेतल्या 25 टक्के जागा या कायद्याने राखीव असतात, आणि मध्य प्रदेशात त्यासाठी नर्सरीपासूनच अर्ज करता येतो. सोडत ऑनलाइन निघते, त्यात आपल्या वॉर्डातल्या शाळेला प्राधान्य मिळतं. फी सरकार भरतं आणि ही सोय आठवीपर्यंत चालते. मात्र नुसतं उत्पन्न कमी असून भागत नाही. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती, अपंग किंवा अनाथ मूल अशा गटांत बसत नसाल, तर गरिबी रेषेचं कार्ड लागतं. आपल्यातली बरीच घरं इथेच अडकतात. व्हॅन, ड्रेस, वह्या यांचा खर्च बहुतेक ठिकाणी आपल्याच अंगावर येतो, तेवढा धरून चाला. अर्ज मात्र नक्की भरा.

गल्लीतली फी घेणारी इंग्रजी नर्सरी मी सगळ्यात शेवटी ठेवेन. तीन तासांची शाळा, त्यात साडेतीन वर्षांच्या बोटांना ए-बी-सी-डी गिरवायला लावतात, आणि जेवण घरूनच.

आता आईचं. सरकारी आयटीआयचं, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र देशभर चालतं, त्याच्या जोरावर पुढे अप्रेंटिसशिप (कंपनीत काम करत शिकणं) मिळते. शिवणकामाच्या ट्रेडला आठवी पास पुरते आणि एका वर्षात कोर्स संपतो. कोपा म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेडही वर्षाचाच, पण त्याला दहावी हवी. इलेक्ट्रिशियनला दोन वर्षं. फी फार नसते. खरी किंमत वेळेची. जवळजवळ पूर्ण दिवस, आणि 80 टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. मूल महिन्यात दोनदा तापलं की हिशोब कोलमडतो.

जन शिक्षण संस्थानचे कोर्स याच्या उलटे. ही योजना 1967 मध्ये मुंबईत वरळीला श्रमिक विद्यापीठ म्हणून सुरू झाली, तीही कामगारांसाठी. गिरणीवाल्यांच्या आपल्या वस्तीला ती परकी वाटू नये. वय 15 ते 45, शाळा अर्धवट सुटलेली असली तरी चालतं, काही महिन्यांत कोर्स संपतो, आणि वर्ग शक्यतो वस्तीजवळ भरतो. प्रमाणपत्राचं वजन आयटीआयइतकं नाही, हे मान्य. पण परदेशीपुऱ्याच्या रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसवून हात बघतात, कागद क्वचितच. इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक भागातल्या मोठ्या कंपनीत जायचं असेल तर मात्र आयटीआयच बरा.

पंतप्रधान कौशल विकास योजनेचे छोटे कोर्सही आहेत. त्यांचा दर्जा पूर्णपणे केंद्रावर अवलंबून असतो. आधीच्या बॅचच्या दोन मुलींना भेटल्याशिवाय नाव घालू नका.

मग जोडी कशी लावायची? घरात सासूबाई किंवा आई दुपारी मुलाकडे बघणार असतील तर आयटीआय घ्या आणि मुलाला अंगणवाडीत किंवा आरटीईच्या नर्सरीत घाला. त्या वर्षभराची ओढाताण पुढे भरून निघते. बघणारं कोणी नसेल तर अंगणवाडी आणि जन शिक्षण संस्थान, दोन्ही पायी जाण्याच्या अंतरावर. ‘दोन वर्षांनी आयटीआय करू’ म्हणून नुसतं थांबण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. अमेरिकेत टल्सा शहरात बालवाडीतल्या मुलांच्या पालकांसाठी 2009 पासून नर्सिंगसारख्या कामांचं प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा मुलांचा सांभाळ हा त्या योजनेचाच भाग होता. आपल्याकडे ती सांगड आईलाच घालावी लागते.

वॉर्डात पालना केंद्र, म्हणजे पाळणाघर जोडलेली अंगणवाडी असेल, तर सगळं गणित बदलतं. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं तिथे घेतात, नियमाने रोज साडेसात तास, महिन्याचे 26 दिवस. अशी केंद्रं थोडी आहेत, म्हणून कोर्सचा फॉर्म भरण्याआधी अंगणवाडीच्या सुपरवायझरला विचारा. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर हे आणखी गरजेचं. साध्या अंगणवाडीत त्याला घरी नेण्याचा आहार मिळतो, बसायला जागा नाही.