३.९ सांगून ४.५५ गळ्यात मारला: जुन्या स्पोर्ट्स कारचा डिफ घेणाऱ्यांनी वाचावे

जुन्या विलायती गाडीचा डिफ (डिफरन्शियल, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी दातेरी चक्रांची जोडणी) फोटो आणि व्हिडिओ बघून मागवणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. जळगावात आमच्या काकांना पासष्ट हजारांचा चुना लागला आहे. लावणारा माणूस आजही तेच सामान विकतो आहे.

गाडी एमजीए, एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, १९५७ ची. हिचे मूळ इंजिन १४८९ सीसीचे, म्हणजे आपल्या जुन्या पेट्रोल अँबेसेडरच्या इंजिनाचे सख्खे भावंड, दोन्ही बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-सिरीजमधली. काकांनी हौसेने त्याजागी एमजीएनंतर आलेल्या एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन बसवून घेतले आणि आरसीवर त्याची रीतसर नोंदही केली. इंजिनात ताकद आली, पण मागचा डिफ मूळचाच राहिला, ४.३ चा. म्हणजे क्राउनला (आतल्या मोठ्या चक्राला) ४३ दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला १०. क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे ४.३ फेरे; हा आकडा, म्हणजे रेशो, जितका लहान, तितके त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी. हा रेशो छोट्या इंजिनासाठी होता. आता चौपदरी झालेल्या सुरत-नागपूर महामार्गावर जळगावहून धुळ्याकडे निघालो की पारोळ्यापर्यंत इंजिन नुसते किंचाळत राहते. ताशी १०० ला इंजिनाचे मिनिटाला साडेतीन हजारांच्या वर फेरे. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तर रेडिएटरचा काटा बघवत नाही.

यावर जगभर चालणारा उपाय म्हणजे सुरुवातीच्या एमजीबीचा ३.९०९ चा डिफ, ४३ ला ११ दात. त्या एमजीबीलाही एमजीएसारखाच बँजो एक्सल (मधे गोल पोट असलेला मागचा आस) होता, त्यामुळे जुळवाजुळव फारशी करावी लागत नाही. हाफ शाफ्टच्या (डिफकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) स्प्लाइन, म्हणजे टोकाच्या खाचा, मात्र मोजून घ्याव्या लागतात. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे नऊ टक्क्यांनी उतरतात. कन्नडच्या घाटात ओढ थोडी कमी पडेल, पण १७९८ सीसीला ते जड नाही. काकांचा हिशेब चोख होता आणि आजही मी त्याच्या बाजूने आहे.

असा डिफ एका मोठ्या शहरातल्या जुन्या सामानाच्या विक्रेत्याकडे असल्याचे कळले. माणूस बोलायला गोड. ‘काका, तुमच्यासारखे जाणकार आता राहिले कुठे’ अशी सुरुवात. त्याने व्हिडिओ पाठवला. त्यात क्राउनवर खडूची खूण होती. त्याने फ्लँज (पिनियनला बाहेरून जोडलेली तबकडी) फिरवत फेरे मोठ्याने मोजले आणि चार फेऱ्यांना जरा कमी असतानाच क्राउनची खूण जागेवर आली. क्राउनच्या कडेवर ११/४३ असा पंच. अर्धे पैसे आगाऊ, अर्धे ट्रान्सपोर्टची पावती आल्यावर. ठरल्याप्रमाणे पेटी आली. काळ्या रंगात रंगवलेला डिफ, वर पंच केलेला आकडा तोच. मिस्तरींनी बसवला, नव्वद नंबरचे तेल भरले.

गाडी रस्त्यावर काढली तर इंजिन आधीपेक्षा जास्त ओरडायला लागले. मोबाइलच्या जीपीएसवर ८० धरले. पूर्वी या वेगाला साडेअठ्ठावीसशेच्या आसपास फेरे असायचे, ते आता सव्वीसशेवर यायला हवे होते. काटा तीन हजारांच्या पुढे!

विक्रेत्याला फोन केला, तर म्हणे, ‘तुमचा स्पीडोमीटर चुकतोय, डिफ बदलल्यावर तसे होतेच.’ हे अर्धसत्य नीट समजून घ्या, कारण याच्याच आड तो लपतो. या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो. म्हणजे टॉप गिअरमध्ये त्याचा काटा आणि इंजिनाचे फेरे यांचे नाते डिफ कोणताही बसवला तरी बदलत नाही. स्पीडोमीटर बघून रेशो कधीच पकडता येणार नाही. जीपीएसचा वेग आणि फेरे ताडून बघितले की पकडता येतो, आणि आम्ही तेच केले होते.

डिफ पुन्हा उतरवला. गरम तेलात काळा रंग सुटला होता आणि त्याखाली क्राउनच्या कडेवर ग्राइंडरचे ताजे ओरखडे लख्ख दिसत होते. जुना आकडा घासून त्यावर नवा ठोकलेला, ४३ मधला ३ जरा वाकडा. मिस्तरी धुळ्याकडचे. एकेका दाताला खडू लावत त्यांनी मोजले, पुन्हा उलट्या बाजूने मोजले आणि म्हणाले, ‘भाऊ, हाऊ तो माल नही शे.’ क्राउनला ४१, पिनियनला ९. म्हणजे ४.५५. मूळच्या ४.३ पेक्षाही मोठा आकडा, म्हणजे फेरे आणखी जास्त! चढणीच्या शर्यतीला ठीक, महामार्गाला शिक्षा. मग व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. त्यातल्या फ्लँजवर छिन्नीचे दोन खोल घाव आहेत, आमच्याकडे आलेल्यावर एकही नाही. दाखवला एक, पाठवला दुसरा. हे कळवल्यावर त्याने कानावर हात ठेवले. ‘तुम्हीच आतला माल बदलला.’

म्हणून सांगतो, ठोकलेल्या आकड्यावर विश्वास नको, दात मोजलेले बघा. विक्रेत्याला तुमचे नाव आणि तारीख डिफच्या बॉडीवरच खडूने लिहायला लावा आणि न थांबता एकाच व्हिडिओत क्राउनचे दहा फेरे फिरवायला सांगा. फ्लँजचे ३९ आणि थोडे वर झाले तर ३.९०९, बरोबर ४३ झाले तर ४.३, साडेपंचेचाळीस झाले तर ४.५५. एका फेऱ्यात बनवाबनवीला जागा राहते, दहात ती फार कमी. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, तेव्हा दोन्हीवरचे जोडीचे नंबरही जुळतात का पाहा. पेटी उघडताना चित्रीकरण करा, रंग पुसून बघा आणि गाडीत चढवण्याआधी दात स्वतः मोजा. हे कुणी करू देत नसेल, तर तो डिफ त्याला लखलाभ.

आमच्याकडे पेटी उघडतानाचा व्हिडिओ आहे, बँकेचे व्यवहार आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली, तिथे विक्रेत्याने उत्तरच दिले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, त्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही, मुदत दोन वर्षांची. त्यामुळे जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल केला आहे. तो खोटा क्राउन सील करून पुरावा म्हणून ठेवला आहे आणि गाडीत सध्या जुना ४.३ परत बसवला आहे.

असाच घासून नवा आकडा ठोकलेला क्राउन आणखी कुणाच्या वाट्याला आला असेल, तर त्याच्या कडेचा जवळून काढलेला फोटो आणि पैसे दिल्याची पावती जपून ठेवा आणि आम्हाला कळवा. एकापेक्षा जास्त तक्रारी असल्या तर ‘तुम्हीच बदलला’ हे त्याचे म्हणणे आयोगापुढे टिकणे अवघड आहे.