स्कोडा सुपर्ब २.० टीएसआय: मागची सीट बघा आणि मग बोला

सेकंड हँड घेतलीये, २०२०चं मॉडेल, आपल्या औरंगाबादच्या शेंद्र्यात असेंबल झालेलं. इंजिन टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, ताकद १९० पीएस, टॉर्क म्हणजे खेचण्याचा जोर ३२० एनएम आणि ७ स्पीड डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सगळी ताकद पुढच्या चाकांना. पावसात सिग्नलवरून एकदम दाबलं तर पुढची चाकं क्षणभर सुटल्यासारखी वाटतात, तेव्हा पाय जरा हलका ठेवायचा, बाकी हायवेला १०० वर गाडी इतकी शांत की आई पुण्याहून साताऱ्यापर्यंत झोपूनच होती.

पण खरी मजा मागे आहे राव! आईचे गुडघे दुखतात, तिला पाय लांब करून बसता येतं आणि पुढची सीट मागे घेतली तरी तिच्या गुडघ्याला लागत नाही, माझ्यासाठी तिथेच पैसे वसूल. डिकी ६२५ लिटर, आणि काचेसकट अख्खा दरवाजा वर जातो त्यामुळे कोल्हापूरहून तांदळाची दोन पोती, तिच्या दोन बॅगा आणि व्हीलचेअर सगळं एकदम बसलं. पुढच्या दारात छत्री ठेवायला खाच आहे, ओली छत्री तिथेच सरकवायची, सीट भिजत नाही.

लांबी मात्र जवळपास ४.८७ मीटर, पेठेतल्या गल्लीत वळवायची म्हणजे घाम फुटतो. उंच स्पीडब्रेकरवर तिरकीच काढा. मायलेजसाठी घेणार असाल तर नका घेऊ, घरात म्हातारं माणूस असेल तर एकदा त्यांना मागे बसवूनच टेस्ट ड्राइव्ह घ्या.