मोटरहोमच्या ओट्यावर: प्रोपेनची शेगडी की इंडक्शन?

न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत हल्ली कुणी ना कुणी मोटरहोम, म्हणजे ओटा-पलंग आतच असलेली फिरतं घर म्हणावी अशी गाडी, घ्यायच्या विचारात असतं, आणि बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गॅस ठेवायचा की काढून इंडक्शन बसवायचा? आमच्या गाडीत दोन्ही आहेत आणि दोन्हींवर मी रोजचं जेवण करते. माझं मत आधीच सांगून टाकते. आपलं जेवण करणार असाल तर गॅस काढू नका. इंडक्शन जरूर घ्या, निम्म्याहून जास्त स्वयंपाक त्याच्यावरच करा, पण शेगडी जागेवर राहू द्या.

आमची गाडी क्लास सी, म्हणजे मधल्या आकाराची, फोर्ड ई-४५०च्या सांगाड्यावर बांधलेली. ओट्यावर तीन बर्नरची शेगडी, खाली छोटा ओव्हन. प्रोपेनची टाकी गाडीच्या पोटातच पक्की बसवलेली, ४० पौंडांची, म्हणजे १८ किलोची. सुटं सिलिंडर नसल्यामुळे गॅस भरायला गाडीच न्यावी लागते. छतावर ४०० वॅटचे सोलर पॅनल, १०० अँपिअर-तासाच्या दोन लिथियम बॅटऱ्या आणि २००० वॅटचा इन्व्हर्टर. इंडक्शन सुटा, एकाच भांड्याचा, १८०० वॅटचा. गाडी चालू असताना तो टॉवेलमध्ये गुंडाळून खणात ठेवते, मुक्कामाला पोचलो की बाहेर काढते. असला इंडक्शन शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळतो.

आधी इंडक्शनचं जे मनापासून आवडतं ते सांगते. कुकर. आमच्या शेगडीचा मोठा बर्नर ९,००० बीटीयूचा, म्हणजे साधारण २.६ किलोवॅटचा. आकडा मोठा वाटतो, पण त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते. इंडक्शन १८०० वॅटचाच असला तरी त्यातली बहुतेक सगळी उष्णता थेट भांड्याच्या बुडात तयार होते. त्यामुळे वरण-भाताचा कुकर असो की चहाचं आधण, इंडक्शनवर आधी होतं. एक मात्र आहे: कुकर इतका झटकन तापतो की पहिली शिट्टी डाळ शिजायच्या आतच होते. मी आता शिट्ट्या मोजत नाही. पहिली शिट्टी झाली की खाली ५०० वॅटवर आणते आणि घड्याळ बघते.

दुसरी गोष्ट उकाड्याची. जुलैत व्हर्जिनियात दुपारी आमटी-भाजी करायची तर गॅसची वाया जाणारी सगळी उष्णता त्या एवढ्याशा खोलीतच राहते, आणि एसी तिच्याशी झगडत बसतो. इंडक्शनने हा त्रास जवळजवळ संपला. थंडीत उलट बाजू दिसते. एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, मोठा बर्नर तासभर चालला तरी पाव लिटरच्या वर पाणी हवेत मिसळतं. वर भाताची वाफ वेगळीच. नोव्हेंबरमध्ये शेगडीवर पूर्ण जेवण केलं की खिडक्यांच्या काचांवरून ओघळ लागतात आणि पलंगाच्या कोपऱ्यातली गादी दमट लागते. छतावरचा पंखा लावून एक खिडकी बोटभर उघडी ठेवायलाच हवी, आणि ती कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत साचू नये म्हणूनही हवीच. शेगडी पेटवून गाडी उबदार करायचा विचारसुद्धा करू नका.

आता जिथं इंडक्शन हात टेकतो ते. फोडणीचं कढलं! त्याचं बूड इतकं लहान की इंडक्शनला ते भांडं आहे हेच कळत नाही. पी-पी असा आवाज करतो आणि बंद होतो. आमटीला काय, आधी पातेल्यात फोडणी करून वर डाळ ओतता येते. पण खमंग काकडीला, कढीला, ढोकळ्याला वरून फोडणी लागते. ती चरचरत पडली पाहिजे. तेवढ्यासाठी मी शेगडीचा लहान बर्नर पेटवते, अर्ध्या मिनिटाचं काम.

भाकरीचं तर वेगळं प्रकरण आहे. ज्वारीचं पीठ आम्ही ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून भरून नेतो, कारण आमच्याकडे चार दिवस पोळी झाली की पाचव्या दिवशी भाकरी मागितली जाते. बिडाचा तवा इंडक्शनवर उत्तम तापतो, लोखंडी तवाही. पण सुट्या इंडक्शनची कॉइल तव्यापेक्षा बरीच लहान असते. भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली, की मधोमध डाग पडलेले आणि कडा पांढऱ्या. मग तवा थोडा थोडा सरकवत फिरवायचा, आणि जड बिडाचा तवा काचेवर घासला की काचेला ओरखडे येतात, म्हणून दर वेळी उचलून ठेवायचा. एवढं करूनही शेवटी विस्तव नाहीच. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, तेव्हा व्हर्जिनियातल्या शेनांडोआ नॅशनल पार्कला जाताना वाटेतल्या कॅम्पग्राउंडवर मी सगळी भाकरी इंडक्शनवर करून त्यांना वाढली. त्यांनी पापुद्रा उचलून बघितला, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही भाजली कुठं? ही नुसती तापलीय." दुसऱ्या भाकरीला त्यांनी स्वतः उठून शेगडी पेटवली. एक बाजू तव्यावर झाली की तवा खाली, भाकरी थेट जाळावर, चिमट्याने फिरवत. टम्म फुगली, कडेपर्यंत. ताटात आली तेव्हा तिला भाकरीचा वास होता.

हेच फुलक्याचं, पापडाचं, वांग्याच्या भरिताचं. फडक्याने दाबून फुलका इंडक्शनवरच्या तव्यावर फुगतो, मऊही होतो, रोजच्याला चालतो. पण वांगं भाजायला विस्तवच लागतो. तव्यावर परतलेल्या वांग्याला भरिताचा धूर लागत नाही. माझ्या लेखी या एका गोष्टीवरही गॅस ठेवावा.

शेगडीतही दोष आहेत, ते लपवत नाही. मोटरहोमची शेगडी घरच्यापेक्षा अरुंद असते. पुढे पाच लिटरचा कुकर ठेवला की मागच्या दोन बर्नरपैकी एकावरच काही राहतं, तेही छोटं पातेलं. ज्योत अगदी बारीक करता येत नाही, म्हणून दूध आणि शिरा यांच्यापाशी उभंच राहावं लागतं. (इंडक्शनही मंद आचेवर सलग चालत नाही, चालू-बंद होत राहतो. जाड बुडाचं भांडं घेतलं की तो झटका लागत नाही.) रस्त्यावर गाडी हलली की जाळ्या खडखडतात, त्यांच्या खाली मी सिलिकॉनचे तुकडे ठेवले आहेत.

भांड्यांचा खर्च धरून चला. आईने दिलेलं पितळी पातेलं, जर्मनची पातेली, हिंडालियमची कढई, जुना अ‍ॅल्युमिनिअमचा कुकर, यातलं काहीही इंडक्शनवर चालत नाही. फ्रीजवरचं लोहचुंबक बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल, घसरलं तर नाही. आणि बूड सपाट हवं. गोल बुडाची लोखंडी कढई चुंबकाला चिकटते, पण इंडक्शनवर नीट तापत नाही, तिथं भजी तळायचा नाद सोडावा.

आता खरा मुद्दा, विजेचा. माझं शिक्षण इलेक्ट्रिकलचं, म्हणून इथं जरा थांबते, कारण विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत. एका विक्रेत्याने आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं की इन्व्हर्टर आहे ना, मग इंडक्शन कुठेही चालेल. १८०० वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे म्हणजे, इन्व्हर्टरमधली घट धरून, दीडशे अँपिअरच्या वर प्रवाह. १०० अँपिअर-तासाच्या बऱ्याच लिथियम बॅटऱ्या एका वेळी १०० अँपिअरच देतात, त्याहून जास्त ओढलं की आतलं संरक्षण त्यांना बंद करतं. म्हणून कमीत कमी दोन बॅटऱ्या समांतर हव्यात, आणि इन्व्हर्टरपर्यंतची केबल अंगठ्याएवढी जाड हवी. या सगळ्या सरंजामाला इंडक्शनच्या कितीतरी पट पैसे पडतात. शंभर डॉलरच्या इंडक्शनची खरी किंमत ती आहे.

आणि साठा किती? आमच्या दोन बॅटऱ्या मिळून अडीच युनिट वीज. सकाळचा चहा आणि पोहे, दुपारी कुकर आणि उसळ, संध्याकाळी पोळ्या आणि भाजी, असं धरलं तर बॅटरीच्या मीटरवर दिवसाला एक ते सव्वा युनिट जातं. त्यात रात्रीच्या हीटरचा पंखा, पाण्याचा पंप, दिवे. म्हणजे ऊन नसेल तर दुसऱ्या संध्याकाळी जपून. उलट १८ किलो प्रोपेनमध्ये जवळजवळ अडीचशे युनिट उष्णता असते! शेगडी त्यातली निम्मी वाया घालवते असं धरलं तरी तुलना होत नाही. नुसता स्वयंपाक केला तर आमची टाकी अख्खा उन्हाळा पुरते.

म्हणून मुक्काम कुठं करता त्यावर हे ठरतं. शेनांडोआच्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडवर गाडीला वीज जोडून घ्यायचा खांबच नाही, मेनमधल्या अकेडियाच्या ब्लॅकवुड्सवरही नाही. पूर्वेकडच्या नॅशनल पार्कांत बहुतेक ठिकाणी हेच. वर दाट झाडी, त्यामुळे सोलर नावापुरतं. जनरेटर लावायचा तर सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळेतच, आणि शेजारी सगळं शांत असताना तो लावायला मला तरी आवडत नाही. तिथं आम्ही गॅसवरच सगळं करतो. खासगी कॅम्पग्राउंडवर खांब असतो, विजेचे पैसे भाड्यात आलेलेच असतात, मग तिथं इंडक्शन.

खांब असला तरी हिशेब सुटत नाही. इथली वीज १२० व्होल्टची, त्यामुळे ३० अँपिअरची जोडणी म्हणजे सगळी मिळून ३,६०० वॅट. इंडक्शन पूर्ण चालवला तर १५ अँपिअर गेले. एसीला १२-१३ लागतात. बॅटरीचा चार्जर चालू असला की ब्रेकर पडलाच. "अहो, गीझर गॅसवर टाका, मी कुकर लावतेय," असं ओरडून सांगायची मला आता सवय झाली आहे, आणि आतून "टाकला" असं उत्तर आल्याशिवाय मी बटण दाबत नाही. एसी चालू असेल तेव्हा मी इंडक्शन १२०० वॅटच्या वर नेत नाही. ५० अँपिअरची जोडणी असलेली मोठी गाडी असेल तर ही काटकसर लागत नाही, तिथं ५० अँपिअरच्या दोन तारांवर मिळून १२,००० वॅट मिळतात.

प्रोपेनची भीती अनेकांना असते. ती अनाठायी नाही, पण समजून घेतली तर सांभाळता येते. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणूनच गाडीत गॅसचा डिटेक्टर पावलांच्या उंचीवर बसवलेला असतो. त्याच्यापुढे पिशव्या, चपला ठेवू नका, आणि मागच्या बाजूची तारीख बघून मुदत संपली की बदला. पाच-सात वर्षांत तो बदलावाच लागतो. आम्ही वर्षातून एकदा साबणाचं पाणी लावून सगळे जोड तपासतो, आणि गाडी सुरू करण्याआधी टाकीची झडप बंद.

दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: १० पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी घेऊन बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून, फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर टनेलमधून, जाता येत नाही. पूर्वी अशा गाड्या तिथल्या ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलावरून जात. २६ मार्च २०२४ला तो पूल जहाजाच्या धडकेने कोसळला, तेव्हापासून शहराला पश्चिमेकडून वळसा घालणाऱ्या ६९५ नंबरच्या हायवेने जावं लागतं. शेगडी काढली म्हणून ही अडचण सुटत नाही, कारण आमच्यासारख्या गाडीत हीटरला आणि गीझरलाही प्रोपेन लागतो, टाकी राहतेच. आणि टाकी राहणारच असेल, तर तिच्यावरची शेगडी काढून काय मिळवायचं?

पूर्ण विजेवरची गाडी घ्यायचीच असेल, तर दोन बॅटऱ्यांवर भागत नाही. निदान ६०० अँपिअर-तासाचा साठा हवा, आणि तुमचे बहुतेक मुक्काम खांब असलेल्या ठिकाणी हवेत. आमच्या ओळखीचं एक जोडपं तसंच फिरतं, डोसे-इडली-भात खाणारं, खूश आहे. भाकरी त्यांच्या घरात होतच नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा ओट्याजवळच्या प्लगचा ब्रेकर किती अँपिअरचा आहे आणि त्याच तारेवर आणखी काय जोडलंय ते विचारा. बहुतेक वेळा एकाच १५ अँपिअरच्या तारेवर ओट्याचे, न्हाणीघराचे आणि बाहेरचे प्लग असतात. आम्ही इंडक्शनसाठी २० अँपिअरची वेगळी तार ओढून घेतली, तेव्हापासून ब्रेकर पडायचा जवळजवळ थांबला. आणि घरचा कुकर, तवा बरोबर न्या. शेगडीवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. ते मावत नसतील तर दुसरी गाडी दाखवायला सांगा.